बंदी असलेल्या देशात शस्त्रे पोहोचतात कशी?

व्यापारी माणसाला कागदाची किंमत वेगळी सांगायला नको. इन्व्हॉइस, बिल ऑफ लेडिंग, बँकेची हमी यांतला एक कागद कमी पडला तरी माल बंदरात अडकतो आणि डेमरेज चढत जाते. पण जगात एक धंदा असा आहे, की त्यात कागद सगळे पुरे असतात, सह्या-शिक्केही पुष्कळदा खरे असतात, आणि तरी सौदा मुळातच खोटा असतो. संयुक्त राष्ट्रांनी ज्या देशांना शस्त्रे देण्यास मनाई केली, त्यांना ती पोहोचवण्याचा हा धंदा. रात्री होडीतून पेट्या उतरवणारे स्मगलर आपण सिनेमात पाहिले. इथे माल दिवसाढवळ्या, विमानतळावर, कस्टमच्या देखत उतरतो.

आधी नियम समजून घेऊ. सुरक्षा परिषद एखाद्या देशावर शस्त्रबंदी घालते तेव्हा ती सर्व सदस्य देशांवर बंधनकारक असते. शस्त्रे विकणारा देश म्हणूनच खरेदीदार सरकारकडून ‘एंड-यूजर सर्टिफिकेट’ मागतो. हा माल आमच्याच सैन्यासाठी आहे, तो आम्ही पुढे कोणाला देणार नाही, असे हे लेखी वचन. त्यावर संरक्षण खात्यातील अधिकाऱ्याची सही असते. हा कागद मिळाला की कारखान्याचे दार उघडते. साहजिकच दलाल बंदुका शोधत फिरत नाही. सोव्हिएत संघ १९९१ मध्ये मोडल्यावर पूर्व युरोपातील गोदामे बंदुकांनी भरलेलीच होती. दलाल शोधतो तो सही करणारा माणूस.

पश्चिम आफ्रिकेतील लायबेरियाचे उदाहरण पाहा. या देशावर १९९२ पासून शस्त्रबंदी होती. शेजारच्या सिएरा लिओनवर १९९७ मध्ये बंदी आली. तिथले बंडखोर सामान्य माणसांचे हात तोडत होते आणि लायबेरियाचे अध्यक्ष चार्ल्स टेलर त्यांना शस्त्रे पुरवत होते. १९९९ च्या मार्चमध्ये युक्रेनहून एक अजस्र अँटोनोव्ह विमान ६८ टन शस्त्रे घेऊन बुर्किना फासो या देशाची राजधानी वागाडुगू येथे उतरले. मालात विमानवेधी क्षेपणास्त्रे होती, रॉकेट लाँचर होते, काडतुसे होती. खरेदीचे अधिकारपत्र जिब्राल्टरमध्ये नोंदलेल्या एका कंपनीच्या नावाने होते आणि प्रमाणपत्रावर हा माल बुर्किना फासोचाच असल्याचे लिहिले होते. युक्रेनच्या दृष्टीने व्यवहार चोख.

पण पुढच्या काही दिवसांत त्या पेट्या एका छोट्या जेट विमानाने फेऱ्या करून लायबेरियाला गेल्या. ते विमान पूर्वी अमेरिकेतील सिएटलच्या बास्केटबॉल संघाचे होते, आणि संघाचे चिन्ह अजून त्यावर तसेच होते! विमानाचा मालक लिओनिद मिनिन हा लायबेरियात लाकडाचा व्यापारी म्हणून वावरत होता. दुसऱ्या वर्षी, २००० च्या जुलैमध्ये, सुमारे ११३ टन काडतुसे आयव्हरी कोस्टच्या नावावर अबिजानला आली. त्या प्रमाणपत्रावर तर खुद्द त्या देशाच्या लष्करी प्रमुखाची सही होती.

हीच युक्ती दूरवरही चालली. अर्जेंटिनाने १९९१ ते १९९५ या काळात सुमारे ६५०० टन शस्त्रास्त्रे बाहेर पाठवली. अध्यक्षांच्या सहीच्या आदेशांवर पनामा आणि व्हेनेझुएला ही नावे होती, माल पोहोचला क्रोएशिया आणि इक्वेडोरला. पनामाचे सैन्य अमेरिकेच्या १९८९ च्या स्वारीनंतर मोडीत निघाले होते. ज्या देशाला सैन्यच नाही त्याला तोफा कशाला, हा प्रश्न बंदरावरच्या हमालालाही सुचायला हवा होता. कागद पुरा होता म्हणून कोणी विचारला नाही.

इथे एक गोष्ट नोंदवली पाहिजे. क्रोएशियाला लागू असलेली बंदी १९९१ मध्ये साऱ्या युगोस्लाव्हियावर घातली गेली होती, म्हणजे बोस्नियावरही. सर्बांकडे जुन्या युगोस्लाव्ह सैन्याचा साठा आयता होता. बोस्नियाच्या मुसलमानांकडे नव्हता. बंदी सर्वांना सारखी लावली, पण तिचा भार सारखा पडला नाही. तेव्हा प्रत्येक बंदी न्यायाचीच असते असे आम्ही म्हणत नाही. मात्र दलालाला न्याय-अन्यायाशी कर्तव्य नसते. बंदीमुळे भाव चढतो, एवढेच तो पाहतो.

आता पैशाचे पाहू, कारण आपल्या धंद्याचा संबंध तिथे येतो. लायबेरियाच्या तिजोरीत डॉलर फारसे नव्हते. शस्त्रांची किंमत जंगलातील लाकूड आणि खाणीतील हिरे यांतून चुकवली जात होती. म्हणजे लाकडाचा ठेका, जहाज, विमान, बँक, हिऱ्याची पुडी ही सगळी साधी, रोजच्या व्यापाराची साधने बंदुकीला जोडलेली होती. मालवाहू विमानांचे नामांकित मालक व्हिक्टर बूट यांचे ठाणे शारजात होते. आपल्या कोकणातील किती कुटुंबांची चूल त्या शहरावर चालते!

या लोकांचे पुढे काय झाले? मिनिनला २००० च्या ऑगस्टमध्ये इटलीत मिलानजवळच्या हॉटेलात पकडले. खोलीत कोकेन, हिरे आणि कागदपत्रांचा ढीग सापडला. अमली पदार्थांबद्दल त्याला शिक्षा झाली, पण शस्त्रे इटलीच्या भूमीला लागलीच नव्हती म्हणून तो खटला टिकला नाही. बूट यांना २०१२ मध्ये अमेरिकेत २५ वर्षांची शिक्षा झाली ती कोलंबियाच्या बंडखोरांना शस्त्रे विकण्याच्या कटासाठी, आफ्रिकेसाठी नव्हे. २०२२ मध्ये कैद्यांच्या अदलाबदलीत ते रशियाला परतले. लाकूड व्यापारी गुस काउवेनहोवेन यांना डच न्यायालयाने आधी शिक्षा दिली, मग सोडले, आणि २०१७ मध्ये १९ वर्षांची शिक्षा सुनावली. टेलर यांना २०१२ मध्ये ५० वर्षांची कैद झाली. कागदावर सह्या करणारे अधिकारी या यादीत दिसत नाहीत, हे वाचकांच्या लक्षात आले असेलच.

हिऱ्यांच्या बाबतीत मात्र नियम बदलले. २००३ पासून कच्च्या हिऱ्याची प्रत्येक पेटी सीलबंद आणि ‘किंबर्ली’ प्रमाणपत्रासह आली पाहिजे. भारत या व्यवस्थेत सुरुवातीपासून आहे, कारण जगातील बहुतेक हिऱ्यांना पैलू पडतात ते सुरत-मुंबईकडे. पण हे प्रमाणपत्र कच्च्या मालापुरते आहे. पैलू पडल्यावर उरते ते विक्रेत्याने बिलावर लिहिलेले आश्वासन. शिवाय किंबर्लीची व्याख्या सरकारविरोधी बंडखोरांना पोसणाऱ्या हिऱ्यांपुरती आहे. टेलर तर १९९७ मध्ये निवडून आलेले अध्यक्ष होते.

आपला कुर्ल्याचा लेथवाला किंवा भिवंडीचा निर्यातदार म्हणेल, आमचा बंदुकीशी काय संबंध? संबंध येतो तो दुहेरी वापराच्या मालामुळे. काही जातींचे व्हॉल्व्ह, पंप, मिश्रधातू, मशीन टूल्स आणि रसायने कारखान्यातही लागतात आणि शस्त्रांतही. अशा वस्तूंची यादी आपल्या सरकारने केली आहे. तिला ‘स्कोमेट’ म्हणतात. तीत बसणारा माल विदेश व्यापार महासंचालनालयाच्या परवान्याशिवाय पाठवता येत नाही, आणि परवान्याच्या वेळी खरेदीदाराचे एंड-यूजर सर्टिफिकेट तुम्हालाच जोडावे लागते. त्याशिवाय अमेरिकेचे स्वतःचे निर्बंध वेगळे. ते भारताचा कायदा नव्हेत, पण डॉलरचे पैसे न्यूयॉर्कच्या बँकेतून फिरतात आणि तिथे अडकतात. इराणला माल पाठवणाऱ्यांनी हे अनुभवले आहे.

तेव्हा नवे गिऱ्हाईक एका देशातले, पैसे दुसऱ्या देशातून आणि माल तिसऱ्या बंदरात, असा सौदा आला तर आधी विचारावे, हा माल शेवटी बसवला जाणार कुठे? सुटे भाग मागणारा मूळ यंत्राचे नाव सांगत नसेल, नेहमीपेक्षा जास्त भाव रोख देत असेल, किंवा बिलावर वर्णन बदलून लिहा म्हणत असेल, तर ड्रॉइंग आणि सॅम्पल घेऊन आधी निर्यात सल्लागाराकडे जावे. अॅडव्हान्स त्यानंतर घ्यावा.