टनाला बक्षीस : कार्बन हटवण्याची स्पर्धा कशी चालते

नवं तंत्र घडवून आणायच्या दोन वाटा असतात. अनुदानात प्रस्ताव पाहून पैसे आधी देतात आणि काम होईल अशी आशा धरतात. बक्षिसात काम आधी, पैसे नंतर. 1714 साली ब्रिटिश संसदेने भरसमुद्रात रेखांश अचूक सांगणाऱ्याला 20 हजार पौंड जाहीर केले. विद्वान आकाशात उत्तर शोधत राहिले. ते सापडलं जॉन हॅरिसन या सुतारपुत्र घड्याळजीला. मात्र घड्याळ कसोटीला उतरलं की नाही यावर वाद लागले आणि पैशांसाठी म्हातारपणापर्यंत झगडावं लागलं. बक्षिसाची ताकद आणि मेख, दोन्ही या एका गोष्टीत दिसतात.

कार्बनसाठीची सर्वांत मोठी स्पर्धा 2021 मध्ये एक्सप्राइझ संस्थेने लावली. मस्क फाउंडेशनचे 10 कोटी डॉलर होते. कारखान्याचा धूर कमी करणं इथे चालणार नव्हतं. हवेत किंवा समुद्रात आधीच असलेला कार्बन डायऑक्साइड काढून तो दीर्घकाळ बंदिस्त करायचा होता. अंतिम फेरीची अट होती वर्षाला 1,000 टन, तेही तपासून घेतलेले. छोट्या संघांची चार वर्षं दमछाक होऊ नये म्हणून पैसे टप्प्याटप्प्याने सोडले. 2021 मध्ये विद्यार्थ्यांना 50 लाख डॉलर वाटले. त्यात आयआयटी मुंबईच्या संघाला अडीच लाख मिळाले. 2022 मध्ये 15 संघांना प्रत्येकी 10 लाख मिळाले. एप्रिल 2025 मध्ये 5 कोटींचं पहिलं बक्षीस पटकावलं माटी कार्बनने. भारतातल्या लहान शेतकऱ्यांच्या रानात बेसॉल्टची भुकटी पसरणं, हे त्यांचं तंत्र.

बेसॉल्ट म्हणजे आपला काळा पाषाण, ज्यात नाशिकची पांडवलेणी कोरली आहेत. नाशिक जिल्हा बहुतांशी त्यावरच वसला आहे आणि खडी क्रशरवर त्याची भुकटी निघतच असते. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लधर्मी होतं. ते दगडातल्या कॅल्शियम-मॅग्नेशियमला भिडलं की बायकार्बोनेट तयार होतं, पाण्याबरोबर झिरपतं, गोदावरीतून बंगालच्या उपसागरात जातं आणि तिथे हजारो वर्षं राहतं. दगड दळून बारीक केला की पृष्ठभाग वाढतो आणि ही झीज वेगाने होते.

आता यातला टन मोजून पाहू. एक टन बेसॉल्ट पूर्ण झिजला तर साधारण 300 किलो कार्बन डायऑक्साइड बांधला जातो. त्यातून दळणाची वीज आणि ट्रकचं डिझेल वजा करायचं. खतातल्या नायट्रोजनपासून मातीत नायट्रिक आम्ल बनतं. दगड त्याने झिजला तर खात्यावर काहीच जमा होत नाही. शिवाय आपल्या काळ्या जमिनी बऱ्याच ठिकाणी चुनखडीच्या. तिथे झीज मंदावते आणि बायकार्बोनेटची चुनखडी झाली, तर बांधलेल्यातला निम्मा वायू हवेत परत जातो. म्हणजे एकाच भुकटीचा हिशोब इगतपुरीच्या पावसाळी लाल मातीत वेगळा आणि निफाडच्या द्राक्षबागेत वेगळा.

दुसरा मार्ग बायोचारचा. द्राक्षांच्या खरड छाटणीच्या काड्या हवा कोंडून तापवल्या की टिकाऊ कोळसा उरतो. त्यात 75 टक्के कार्बन असेल तर एका टनात पावणेतीन टन कार्बन डायऑक्साइड अडकलेला असतो. इथे मोजणं सोपं : वजनकाटा आणि प्रयोगशाळेचा दाखला. प्रश्न एवढाच, की त्या काड्यांचं एरवी काय झालं असतं? बांधावर पेटवल्या असत्या तर जवळपास सगळा कार्बन हवेत गेला असता; कुट्टी करून बागेतच टाकल्या असत्या तर थोडा मातीत राहिला असता. तेवढा वजा.

महाराष्ट्रात शहरांची पर्यावरण स्पर्धा नवी नाही. 2 ऑक्टोबर 2020 रोजी सुरू झालेल्या माझी वसुंधरा अभियानात भूमी, वायू, जल, अग्नी, आकाश या पाच सदरांत स्थानिक स्वराज्य संस्थांना गुण मिळतात. पण केलेल्या कामाला गुण देणं वेगळं आणि हटवलेल्या टनाला पैसे देणं वेगळं. नाशिक महापालिकेला टनाची स्पर्धा लावायची झाली, तर नियम आधी लिहावे लागतील : निव्वळ टन किती, मोजणार कोण, कार्बन किती वर्षं टिकला पाहिजे आणि वाद झाला तर निवाडा कुणाचा. कच्चा माल शहरानेच पुरवावा. उद्यान विभागाच्या फांद्या आणि पालिकेच्या ताब्यातली जागा स्पर्धकाला मिळाली, तर बिनभांडवलाचा हुशार माणूसही उतरू शकेल.

अडचण मोजणीच्या खर्चाची आहे. दहा गुंठ्यांच्या तुकड्यात भुकटीने नेमकं काय केलं हे मातीचे नमुने वारंवार तपासून ठरवायचं, तर कधी कधी तपासणीच कामापेक्षा महाग पडते. एक्सप्राइझने विद्यार्थ्यांच्या बक्षिसांत मोजणीच्या तंत्रासाठी म्हणूनच वेगळा गट ठेवला होता. नाशिकनेही पहिलं बक्षीस टन हटवणाऱ्याऐवजी टन स्वस्तात आणि खरा मोजणाऱ्याला द्यावं. मापावर सगळ्यांचा विश्वास बसला, की पुढची स्पर्धा लावायला फार खटपट करावी लागणार नाही.