कावीळ आणि यकृताचे आजार: कारणे, लक्षणे आणि तपासण्या

डोळे पिवळे दिसले की नांदेड-लातूरकडे अनेक घरांत आधी कावीळ उतरवणाऱ्याकडे धाव घेतली जाते. पण कावीळ हा आजार नाही, लक्षण आहे. हिपॅटायटिस ए ची कावीळ बहुधा आपोआप बरी होते आणि श्रेय झाडपाल्याला मिळते. कारण वेगळे असेल, तर वाया गेलेले दिवस जिवावर बेततात.

कारणे
- दूषित पाणी: हिपॅटायटिस ए आणि ई. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. अशा टंचाईत साठवलेले, टँकरचे पाणी उकळूनच प्या. गरोदरपणात हिपॅटायटिस ई विशेष धोकादायक असतो.
- रक्त, वापरलेल्या सुया, असुरक्षित लैंगिक संबंध, आईकडून बाळाला: हिपॅटायटिस बी आणि सी.
- दारू, लठ्ठपणा, मधुमेह: दारू न पिणाऱ्यांनाही फॅटी लिव्हर होते.
- औषधे: पॅरासिटामॉलचा अतिरेक, टीबीची काही औषधे, काही जडीबुटी.
- पित्तनलिकेतील खडा.

लक्षणे
भूक मंदावणे, मळमळ, थकवा, गडद लघवी, अंगाला खाज. बरेचदा सुरुवातीला काहीच जाणवत नाही.

रिपोर्ट कसा वाचावा?
- बिलिरुबिन: साधारण 1.2 पर्यंत सामान्य. 2 ते 3 च्या पुढे डोळे पिवळे दिसतात.
- एसजीपीटी, एसजीओटी: यकृताच्या पेशींना इजा झाली की वाढतात. आकडा हजारात गेला तरी रुग्ण पूर्ण बरा होऊ शकतो.
- अल्ब्युमिन, पीटी-आयएनआर: यकृत काम किती करते, हे यांवरून कळते. एसजीपीटी उतरत असताना आयएनआर वाढत असेल, तर ती सुधारणा समजू नका.

सोबत हिपॅटायटिस बी, सी ची तपासणी आणि पोटाची सोनोग्राफी करतात.

लगेच रुग्णालय गाठा
रुग्ण असंबद्ध बोलू लागला, गुंगीत गेला, रक्ताची उलटी किंवा डांबरासारखी काळी शौच झाली, पोटात पाणी साठले, कावीळ व थंडीताप एकत्र आले, तर एक रात्रही थांबू नका.

2018 पासून राष्ट्रीय कार्यक्रमांतर्गत हिपॅटायटिस बी, सी ची तपासणी व उपचार मोफत मिळतात. नांदेडला विष्णुपुरीच्या किंवा लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चौकशी करा. हिपॅटायटिस सी बहुतेकांत गोळ्यांनी पूर्ण बरा होतो. हिपॅटायटिस बी टाळण्यासाठी बाळाला जन्मानंतर 24 तासांच्या आत लस द्या.