आईचे वजनाचे ऑपरेशन : मुलांपासून लपवू नका, समजावून सांगा

आषाढ पौर्णिमेला वंदना झाल्यावर विहारात खीर वाटली. रविवारच्या बालवर्गातली एक आठ वर्षांची मुलगी वाटी हातात घेऊन बराच वेळ बसून राहिली आणि शेवटी ती तशीच परत घेऊन आली. खीर आवडत नाही का, असे विचारल्यावर तिने नुसती मान हलवली. पुन्हा विचारले तेव्हा हळूच म्हणाली, “जास्त खाल्लं की पोट कापतात. माझ्या आईचं कापलंय.”

आम्ही कडाव परिसरात मुलांचा वर्ग घेणारे कार्यकर्ते. त्या ताईंचे दहा दिवसांपूर्वी मुंबईत वजन कमी करण्याचे ऑपरेशन झाले होते, हे आम्हाला माहीत होते. मुलांना मात्र “आई ट्रेनिंगला गेलीय” असे सांगितले होते. खरी गोष्ट मुलीला ओट्यावरच्या गप्पांतून कळली, तीही अर्धीच. उरलेली अर्धी तिने आपल्या मनाने भरून काढली. जास्त जेवणे हा गुन्हा आणि ऑपरेशन ही त्याची शिक्षा, असा तिचा हिशेब होता. आठवडाभर ती ताटात निम्मे अन्न टाकत होती आणि घरात कोणाच्या लक्षात आले नव्हते.

चूक एकट्या त्या घराची नाही. मुलांनी विचारले तर विषय बदला, असा सल्ला दादांना आम्हीच दिला होता. दर रविवारी त्याच मुलांकडून आम्ही पंचशील म्हणून घेतो, त्यातले चौथे शील खोटे न बोलण्याचे. म्हणून हा लेख. अशी वेळ आज अनेक घरांवर येते आहे, आणि कार्यकर्त्याला निदान एवढे तरी माहीत असावे.

ऑपरेशन म्हणजे नेमके काय?

या शस्त्रक्रियेला बॅरिअ‍ॅट्रिक सर्जरी म्हणतात. तिचे दोन प्रकार जास्त प्रचलित आहेत. ‘स्लीव्ह’ प्रकारात जठराचा सुमारे तीन चतुर्थांश किंवा त्याहून थोडा जास्त भाग काढून टाकतात आणि उरलेले जठर केळ्याच्या आकाराची नळी होते. ‘बायपास’ प्रकारात जठराच्या वरच्या टोकाला सुमारे ३० मिलिलिटरची छोटी पिशवी करून ती थेट लहान आतड्याला जोडतात. बाकीचे जठर आतच राहते, पण अन्न त्यातून जात नाही.

पोट उभे फाडले जात नाही. बहुतेक वेळा दुर्बिणीतून, चार-सहा लहान छिद्रांतून काम होते. दोन-चार दिवसांत रुग्ण घरी येतो. फायदा केवळ जागा कमी झाल्याने होत नाही. भुकेचा इशारा देणारे घ्रेलिन हे संप्रेरक मुख्यतः जठराच्या वरच्या भागात तयार होते. स्लीव्हमध्ये तो भाग निघून गेल्याने भूकच कमी लागते. अनेकांची साखर वजन फारसे उतरण्याआधीच आटोक्यात येऊ लागते.

हे ऑपरेशन हौसेखातर करत नाहीत. वजन किलोमध्ये घेऊन त्याला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागले की बीएमआय निघतो. दीड मीटर उंचीच्या बाईचे वजन ९० किलो असेल तर तिचा बीएमआय ४० येतो. २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार ३५ च्या वर बीएमआय असेल तर इतर आजार नसतानाही शस्त्रक्रियेचा सल्ला देता येतो. ३० ते ३५ मध्ये मधुमेहासारखा आजार असेल तर तिचा विचार होतो. आशियाई लोकांसाठी ही पातळी आणखी खाली, २७.५ पासून धरली आहे.

“कमी खायचं ना, ऑपरेशन कशाला?”

हा प्रश्न ताईंना गावात सगळ्यांनी विचारला. आमच्यातल्या एकाने तर संयुत्त निकायातल्या पसेनदी राजाचा दाखला दिला. कोसलचा हा राजा दोणभर भात खाऊन, धापा टाकत बुद्धांना भेटायला आला. बुद्धांनी त्याला मोजके जेवण्याविषयी एक गाथा सांगितली. सुदस्सन नावाच्या तरुणाने ती पाठ केली आणि राजाच्या जेवणाच्या वेळी तो ती म्हणू लागला. राजा हळूहळू नाळीभर भातावर आला आणि त्याचे अंग हलके झाले.

सुत्त खरे आहे, पण ते ताईंना टोचायला वापरणे चूक आहे. बुद्धांनी राजाला दरबारात लाजवले नाही. आठवण करून देणारा माणूस राजाने स्वतःच्या इच्छेने नेमला होता. आणि बदल एका दिवसात झाला नाही.

शिवाय प्रत्येक गोष्टीला अनेक कारणे असतात, ही तर आपल्या धम्माचीच शिकवण. वजन उतरू लागले की शरीर भूक वाढवून ते परत मिळवू पाहते. नुसत्या निर्धारावर अनेकांचे वजन पुन्हा का चढते, त्याचे हे मोठे कारण आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे संशोधनही प्रत्येक कार्यकर्त्याने जाणून घ्यावे असे आहे. २००४ साली त्यांचा आणि ब्रिटिश सहकारी युडकिन यांचा एक फोटो ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. दोघांचाही बीएमआय २२.३. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांतली बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. तरीही आपल्या लहानखुऱ्या बाळांच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी तुलनेने जास्त आढळली. आईच्या पोटात असताना झालेल्या कुपोषणाचा संबंध पुढच्या मधुमेहाशी लागतो, हे या कामातून पुढे आले.

ज्यांच्या आजी-पणजीने अर्धपोटी दिवस काढले, त्यांच्या नातवंडांना आज साखर आणि वजन गाठते आहे. आपल्या घरांतली म्हातारी माणसे अजून “पोटभर खाऊन घे” हाच आशीर्वाद देतात आणि अंगाने भरलेली सून म्हणजे घराला बरे दिवस आले असे समजतात. अशा घरातल्या बाईला “खादाड” म्हणणे हे अज्ञान आहे.

राहुलाला सांगितले तसे

मज्झिम निकायात बुद्धांनी राहुलाला केलेला उपदेश आहे. परंपरेनुसार राहुल तेव्हा सात वर्षांचा होता. बुद्धांनी पाण्याचे भांडे घेतले. आधी त्यात थोडेसे पाणी ठेवले, मग ते सांडले, भांडे उपडे केले आणि शेवटी रिकामे दाखवले. जाणूनबुजून खोटे बोलणाऱ्याचे श्रमणपण असेच रिकामे असते, हे त्यांनी लेकराला समजावले. थट्टेतही खोटे बोलू नये, असे सांगितले.

आम्हाला यात दोन धडे दिसतात. सात वर्षांच्या मुलाला अवघड गोष्ट सांगता येते. आणि ती सांगायला त्याच्या रोजच्या हाताळण्यातली वस्तू घ्यावी लागते.

वयानुसार काय सांगावे?

*तीन ते पाच वर्षे.* दोन-तीन वाक्ये पुरतात. “आईच्या अंगात एक आजार आहे. डॉक्टर तिच्या पोटाच्या आतली पिशवी लहान करणार आहेत. ती चार दिवस दवाखान्यात राहील आणि मग घरी येईल.” या वयात मुलाची खरी चिंता एकच असते, आई नसताना मला कोण झोपवणार? आजी झोपवेल, बाबा भरवतील, हे नाव घेऊन सांगा. दिवस मोजायला भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करून द्या.

*सहा ते नऊ वर्षे.* या वयाला ‘कसे’ आणि ‘का’ हवे असते. आम्ही एक मोठा फुगा आणि एक केळे घेतले. आधी पोटातली पिशवी एवढी होती, आता एवढी झाली. झोपेचे औषध देतात, त्यामुळे ऑपरेशन चालू असताना दुखत नाही, हेही सांगितले. आणि सर्वांत महत्त्वाचे वाक्य आठवणीने बोलायचे : “ही शिक्षा नाही. आईने काही वाईट केले म्हणून हे झालेले नाही. तू जेवलास म्हणून तुला असे काही होणार नाही. वाढत्या अंगाला जेवण लागते.”

*दहा वर्षांपुढे.* वर दिलेली माहिती जवळपास तशीच सांगता येते. या वयाची मुले आरशासमोर उभी राहू लागलेली असतात, म्हणून “बघ, नाहीतर तुझेही असेच होईल” हे वाक्य तोंडातून कधीही जाऊ देऊ नका.

अवघड प्रश्न

“आई मरणार का?” हा प्रश्न येतोच. “छे, काहीतरीच” म्हणून तो उडवू नये. अनुभवी केंद्रांत या शस्त्रक्रियेने मृत्यू होण्याचे प्रमाण हजारात सुमारे एक किंवा त्याहून कमी आहे. मुलाला सांगावे, “प्रत्येक ऑपरेशनला थोडा धोका असतो. पण डॉक्टरांनी हे ऑपरेशन खूपदा केले आहे आणि जवळजवळ सगळी माणसे बरी होऊन घरी जातात. काहीही झाले तरी आम्ही तुला खरे सांगू.”

“ती बाई मेली ना?” हा प्रश्न मोठ्यांच्या बोलण्यातून मुलांपर्यंत पोचतो. इजिप्तच्या इमान अहमद यांना २०१७ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या सैफी रुग्णालयात आणले, तेव्हा त्यांचे वजन सुमारे ५०० किलो सांगितले जात होते. मार्चमध्ये त्यांची स्लीव्ह शस्त्रक्रिया झाली आणि सप्टेंबरमध्ये अबू धाबीत त्यांचे निधन झाले. त्या आधीपासूनच अनेक वर्षे अंथरुणाला खिळलेल्या, गंभीर आजारी होत्या. त्यांची तुलना चालत्या-फिरत्या आईशी होत नाही. याउलट नितीन गडकरी यांनी २०११ मध्ये मुंबईत अशी शस्त्रक्रिया करून घेतली, त्याच्या बातम्या उघड छापून आल्या. मग आपल्याच घरी ही गोष्ट लाज वाटून का लपवायची?

“पोट कापणे पाप आहे का?” हा प्रश्न एका आजीचा. महावग्गात जीवकाने वाराणसीच्या श्रेष्ठीपुत्राचे पोट उघडून आतड्याची गाठ सोडवल्याची कथा आहे. तोच जीवक बुद्धांचा आणि संघाचा वैद्य होता. आजींना एवढे पुरले.

घरी आल्यावर मुलांना काय दिसते?

खरी परीक्षा इथून पुढे असते. आई पहिले सुमारे दोन आठवडे फक्त पातळ पदार्थ घेते : वरणाचे पाणी, ताक, गाळलेले सूप. मग मऊ वाटलेले अन्न. साधे जेवण येईपर्यंत दीड-दोन महिने जातात. तेव्हाही वाटीभर खाऊन ती उठते. जेवताना पाणी पीत नाही, साधारण अर्ध्या तासाने घोट-घोट पिते. कधी उलटी होते. तिसऱ्या महिन्याच्या सुमारास केस गळू लागतात, ते बहुधा पुन्हा येतात. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांच्या गोळ्या आणि तपासण्या जन्मभर चालतात. हे सगळे मुलांना आधीच सांगितले तर ती घाबरत नाहीत.

काही आठवडे आईला जड उचलता येत नाही, म्हणजे धाकट्याला कडेवर घेता येत नाही. ताईंचा चार वर्षांचा मुलगा यावरूनच रुसला होता. आई खाली बसेल आणि तू शेजारी बसून टेकायचे, असा तोडगा दादांनी काढला.

मुलांना आईच्या ताटावर पहारा करायला लावू नका. “आई किती खाते ते बघ आणि मला सांग” हे काम लेकरांचे नाही. सुदस्सन राजाने नेमलेला होता, लेकरू नव्हे.

मोठ्यांनी मात्र काही खुणा ध्यानात ठेवाव्यात. ताप, छातीची जोरात धडधड, पोटात असह्य दुखणे, धाप लागणे, पाणीही पोटात न टिकणे. यातले काही दिसले तर वाट न पाहता शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांना फोन करा. कडावहून आधी कर्जत गाठायचे आणि मग मुंबई, यात तास जातात. म्हणून गाडी आणि फोन नंबर आधीच ठरवून ठेवावेत.

विहाराचे काम

खर्च मोठा असतो. आरोग्य विमा असेल तर पॉलिसी नीट वाचा. विमा नियामकाच्या प्रमाणित अटींप्रमाणे रुग्णाचे वय १८ च्या पुढे असावे, डॉक्टरांचा सल्ला असावा आणि बीएमआय ४० किंवा त्याहून जास्त असावा. हृदयविकार, आटोक्यात न येणारा मधुमेह, झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र त्रास असे ठरावीक आजार असतील तर ३५ पासून दावा करता येतो. शस्त्रक्रिया ठरवण्याआधी लेखी मंजुरी घ्यावी. घाईने कर्ज काढू नये.

आजारी भिक्षू घाणीत पडलेला दिसला तेव्हा बुद्धांनी आनंदासह स्वतः त्याला धुतले आणि रुग्णाची सेवा ही आपलीच सेवा असल्याचे संघाला बजावले. कडावमध्ये या वेळी आम्ही उशिरा जागे झालो. आता दोन घरांनी आळीपाळीने मुलांचा डबा द्यायचा, एकाने त्यांचा अभ्यास घ्यायचा आणि कोणीही त्यांच्यासमोर ताईंच्या वजनावर बोलायचे नाही, एवढे ठरले आहे.

त्या मुलीला तिच्या आईनेच सगळे सांगितले. पोटावरच्या छिद्रांच्या खुणा दाखवल्या, मुलीने त्या मोजल्या. पाच निघाल्या. “एवढ्याशाच?” असे म्हणून ती खेळायला पळाली. पुढच्या पौर्णिमेला तिने खिरीची वाटी संपवली आणि आईसाठी दोन चमचे वेगळे मागून नेले. अजून कधीकधी ती ताट समोर आल्यावर एकदा आमच्याकडे बघते. आम्ही तिला जेव म्हणतो, आणि ती जेवते.