पडद्यामागचा पंखा

उन्हाळ्याची सुट्टी लागली, की घराघरांतून एक नवी तक्रार ऐकू येते. मुलं संगणकावर गेम लावतात आणि पाच-दहा मिनिटांत संगणकाचा पंखा असा घोंघावू लागतो, की शेजारच्या खोलीतल्या माणसाला वाटावं, कुणी मिक्सर सुरू ठेवून निघून गेलं. ज्या संगणकाला वेगळा डबा नसतो, पडद्याच्या पाठीतच सगळं यंत्र बसवलेलं असतं, त्या 'ऑल-इन-वन' संगणकाबद्दल ही तक्रार जास्त. पाठीला हात लावावा, तर ती तापलेली. मग प्रश्न सुरू होतात. यंत्र बिघडलं का? पंखा बदलावा का? आग तर लागणार नाही ना?

माझं शिक्षण बी. ए. पर्यंतचं, तेही मराठी घेऊन. कविता लिहिणाऱ्यानं यंत्राच्या पोटात कशाला शिरावं, असं कुणी विचारेल. कारण साधं आहे. हा प्रश्न आमच्याच घरात आला आणि त्यावर पैसे घालण्याआधी तो समजून घ्यावा, असं मला वाटलं.

आमचं घर सोलापुरात, दोन खोल्यांचं. मुलगा इंजिनिअरिंगला आहे. त्याच्या अभ्यासासाठी हप्त्यानं घेतलेला ऑल-इन-वन बाहेरच्या खोलीत असतो आणि त्याच खोलीत माझी अम्मी झोपते. तिचं वय ऐंशीच्या पुढे, झोप आधीच कमी. मे महिन्यात मुलगा रात्री मोटारींच्या शर्यतीचा गेम खेळायचा, कानाला हेडफोन लावून. त्याला पंखा ऐकू यायचा नाही; तो ऐकायची अम्मी. माझे अब्बा गिरणीत रात्रपाळी करायचे, त्यामुळे तिला तो आवाज ओळखीचा. ती म्हणायची, "बेटा, तुझ्या या गिरणीची पाळी सुटते कधी?" मुलगा म्हणायचा, "दादी, आवाज मी नाही करत, मशीन करतं." दुरुस्तीवाल्याला दाखवलं, तर त्यानं पंखा बदलायला सांगितलं आणि वर 'बोर्डही तपासावा लागेल' म्हणत सहा-सात हजारांचा आकडा ऐकवला. तेव्हा मी म्हटलं, आधी हा पंखा ओरडतो कशासाठी ते तर कळू दे.

मुळापासून पाहू. दिवा वीज घेऊन प्रकाश देतो, छताचा पंखा वारा देतो. संगणक वीज घेऊन काय देतो? आपण म्हणू, चित्र देतो, हिशेब देतो. पण पदार्थविज्ञानाच्या दृष्टीनं पाहिलं, तर त्यानं घेतलेली जवळजवळ सगळी वीज शेवटी उष्णताच होते. मोठा ऑल-इन-वन गेम खेळताना दीडशे-दोनशे वॅट वीज घेत असेल, तर तेवढ्याच वॅटची एक शेगडी त्या पडद्याच्या पाठीत पेटलेली असते.

ही उष्णता फार लहान जागेत जन्माला येते, हीच खरी अडचण. एक उदाहरण घेऊ. २०१४ सालच्या २७ इंची आयमॅकमध्ये इंटेलचा 'आय-सेव्हन ४७९० के' हा प्रोसेसर घेता येत असे. त्याची चकती पावणेदोन चौरस सेंटिमीटरची, म्हणजे बोटाच्या नखाएवढी. आणि तिची उष्णता धरली जाते ८८ वॅट. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे ५० वॅट. आता कपड्यांची हजार वॅटची इस्त्री घ्या. तिचा तवा साधारण दीडशे चौरस सेंटिमीटरचा असेल, तर दर चौरस सेंटिमीटरला सहा-सात वॅटच पडतात. प्रोसेसरवरची उष्णता इस्त्रीपेक्षा सात-आठ पट दाट! आणि इस्त्रीनं तापायचंच असतं. प्रोसेसरला मात्र शंभर अंशांच्या आतच राहावं लागतं.

मग मी याच संगणकावर कविता टाइप करतो, तेव्हा तो गप्प कसा असतो? कारण माझ्या दोन अक्षरांच्या मधे त्याला काहीच काम नसतं. माणसाचं बोट एक कळ दाबून दुसरीकडे जाईपर्यंत प्रोसेसर जवळजवळ झोपून घेतो. गेममध्ये ही उसंत नाही. चित्र हलतंय असं वाटण्यासाठी सेकंदाला साठ वेळा सगळा पडदा नव्यानं रंगवावा लागतो. त्या आयमॅकचा पडदा ५१२० गुणिले २८८० ठिपक्यांचा, म्हणजे जवळजवळ एक कोटी सत्तेचाळीस लाख ठिपके. सेकंदाला साठ वेळा म्हटलं, तर अठ्ठ्याऐंशी कोटींहून जास्त ठिपक्यांचा रंग ठरवायचा. त्यात प्रकाश कुठून येतो, सावली कुठे पडते, हेही मोजायचं. हे काम प्रोसेसरच्या जोडीला असलेली ग्राफिक चिप करते आणि तीही तेवढीच तापते. एका चुलीच्या दोन चुली होतात.

ही उष्णता बाहेर न्यायला धातूची नळी, पातळ पात्यांचा जाळीदार ठोकळा आणि पंखा अशी तिहेरी व्यवस्था असते. नळी उष्णता चिपपासून पात्यांपर्यंत नेते, पंखा पात्यांमधून हवा ढकलतो, हवा उष्णता घेऊन फटींतून बाहेर पडते. वेगळ्या डब्याच्या संगणकात मोठा ठोकळा आणि तळहाताएवढे दोन-तीन पंखे बसतात. मोठा पंखा सावकाश फिरूनही पुष्कळ हवा हलवतो. पडद्याच्या पाठीत ती जागाच नाही. तिथे लहान पंखा बसतो आणि तेवढीच हवा हलवायला त्याला जोरात फिरावं लागतं. पंख्याचा वेग दुप्पट झाला, की आवाज साधारण पंधरा डेसिबलनं वाढतो, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे; आणि पंधरा डेसिबल म्हणजे आपल्या कानाला जवळजवळ तिप्पट. वारा दुप्पट आणि गोंगाट तिप्पट, असा हा सौदा आहे.

हा सौदा नवा नाही. १९८४ सालचा पहिला मॅकिंटॉश हाही पडदा आणि यंत्र एकत्र असलेलाच होता आणि त्यात पंखा नव्हता. १९८७ च्या 'मॅकिंटॉश एसई'मध्ये मात्र पंखा बसवावा लागला. १९९९ मध्ये बिनपंख्याचा आयमॅक आला. गरम हवा आपोआप वर चढते, या तत्त्वावर तो थंड राही. २००४ मध्ये सगळं यंत्र चपट्या पडद्यामागे गेलं आणि २०१२ मध्ये पडद्याची कड अवघी पाच मिलिमीटरची झाली. २०१७ च्या 'आयमॅक प्रो'मध्ये ताकदवान चिपा बसवायच्या होत्या. तेव्हा त्याच आकाराच्या पेटीत दोन पंखे घालण्यात आले आणि फिरत्या हार्ड डिस्कला त्यात जागाच उरली नाही. २०२१ चा २४ इंची आयमॅक तर साडेअकरा मिलिमीटर जाडीचा. तो शक्य झाला, कारण त्याची 'एम-वन' चिपच मुळात कमी वीज खाते. उष्णता कमी केल्याशिवाय यंत्र पातळही होत नाही आणि शांतही होत नाही, हेच या चाळीस वर्षांनी दाखवलं आहे.

आता आपल्याकडच्या उन्हाळ्याचा हिशेब. उष्णता वाहते ती फरकामुळे. चिप ९५ अंशांवर आणि खोली २५ अंशांवर असेल, तर मधे ७० अंशांचा उतार असतो. सोलापूरच्या मे महिन्यात खोली ४२ अंशांवर गेली, तर तो उतार ५३ अंशांचाच राहतो. म्हणजे थंड करण्याची ताकद जवळजवळ पाव हिश्श्यानं घटली आणि काम तेवढंच. पंखा ओरडणार नाही तर काय करेल? ॲपलनं आयमॅकसाठी भोवतालच्या हवेची मर्यादाच १० ते ३५ अंश अशी दिली आहे. आपल्या दुपारी ही मर्यादा सहज ओलांडतात.

पंख्याचंही भागलं नाही, की प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो. गेम अडखळू लागतो, चित्र तुटक दिसतं. तरीही ताप चढत राहिला, तर संगणक आपला आपण बंद पडतो. या सोयी यंत्राला वाचवण्यासाठीच असतात. त्यामुळे नुसता पंखा ओरडतोय म्हणून आगीचं भय बाळगायचं कारण नाही. पण रोज तासन् तास त्या टोकावर ठेवलं, तर आतल्या भागांचं आयुष्य कमी होतं, हेही खरं.

म्हणून पहिली गोष्ट: पंख्याला गप्प करू नका. पंख्याचा वेग कमी करून देणाऱ्या प्रणाली मिळतात. त्या वापरल्या, तर आवाज जातो, उष्णता आतच राहते. पाठीवर धूळ बसू नये म्हणून कापडी झाकण घालून खेळणं, हा तर गळा दाबण्याचाच प्रकार. कमी करायची ती उष्णता. आवाज आपोआप उतरतो.

ती कमी कशी करायची? गेमच्या सेटिंगमध्ये फ्रेमची मर्यादा घाला. साठच्या जागी चाळीस केली, तर ग्राफिक चिपचं काम तिसऱ्या हिश्श्यानं हलकं होतं. ही मर्यादा नसेल, तर काही गेम नुसत्या मेनूच्या पडद्यावरसुद्धा सेकंदाला शेकडो चित्रं काढत बसतात. २०२१ मध्ये 'न्यू वर्ल्ड' या गेमच्या चाचणीच्या काळात काही महागडी ग्राफिक कार्डं बंद पडली. त्यांतल्या काहींच्या जोडकामात दोष निघाला, पण गेम बनवणाऱ्यांनीही मेनूला फ्रेमची मर्यादा घातली. दुसरं, सावल्या आणि प्रतिबिंबं यांचा दर्जा एक पायरी खाली आणा. तिसरं, पडदा फार बारीक ठिपक्यांचा असेल, तर गेम कमी ठिपक्यांत चालवा. त्या २७ इंची आयमॅकवर २५६० गुणिले १४४० निवडलं, तर ठिपके बरोबर एक चतुर्थांश होतात आणि चित्र फारसं बिघडत नाही.

चौथी युक्ती प्रोसेसरची. त्याची उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते आणि विजेच्या दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग आणि दाब दोन्ही दहा-दहा टक्क्यांनी उतरले, तर उष्णता सत्तावीस टक्क्यांनी उतरते. विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट' असा आकडा असतो. तो शंभरावरून नव्याण्णववर आणला, की बहुतेक संगणकांत प्रोसेसरची वरची उडी, म्हणजे 'टर्बो', बंद होते. गेममध्ये फरक थोडा जाणवतो, पंख्यात पुष्कळ.

बाकीचं काम हातांचं. संगणक भिंतीपासून वीतभर पुढे ओढा; बाहेर टाकलेली गरम हवा भिंतीवर आपटून परत आत जाऊ नये. खालच्या फटींपुढे पुस्तकं, टॉवेल, रिमोट असं काही ठेवू नका, कारण पुष्कळ यंत्रं तिथूनच श्वास घेतात. कूलरच्या झोतासमोर संगणक मांडू नका, पाण्याचे तुषार आत जातात. महिन्यातून एकदा यंत्र बंद करून, प्लग काढून, फटींवरची धूळ मऊ ब्रशानं झाडा. आतली धूळ आणि वाळलेली थर्मल पेस्ट हे मात्र जाणकाराचं काम. २०१२ नंतरच्या आयमॅकमध्ये तर पडदाच चिकटवलेला असतो. घरी उघडायला गेलं, तर काच फुटायची.

खरा बिघाड ओळखायचा कसा? गेम बंद करून वीस मिनिटं झाली, काही काम चालू नाही, तरीही पंखा पूर्ण वेगात आहे. किंवा आवाज वाऱ्याचा नसून घासल्यासारखा, खडखडल्यासारखा आहे. किंवा पाठ तापली असताना पंखा अजिबात फिरत नाही. अशा वेळी दुरुस्तीवाल्याकडे जरूर जावं. पंखा कामाबरोबर चढत आणि कामाबरोबर उतरत असेल, तर तो आपलं काम इमानानं करतो आहे.

आमच्या घरी हे सगळं करून पाहिलं. मुलानं फ्रेम चाळीसवर आणल्या, टर्बो बंद केला, टेबल भिंतीपासून सरकवलं. पंखा अजून ऐकू येतो, पण मिक्सरचा आता टेबलफॅन झाला आहे. दुपारचा गेम मुलानं स्वतःच सोडला आणि रात्री अकरानंतर खेळायचं नाही, असं दादी-नातवाचं ठरलं. सहा-सात हजार वाचले.

ज्यांना नवा संगणक घ्यायचा आहे, त्यांच्यासाठी शेवटचं. अभ्यास, हिशेब, सिनेमा, कधीमधी गेम, अशी गरज असेल आणि घर लहान असेल, तर ऑल-इन-वन चांगलाच; वायरींचा पसारा नाही, जागा कमी लागते. पण मुलगा रोज दोन-तीन तास जड गेम खेळणार हे माहीत असेल, तर तेवढ्याच पैशांत मोठ्या पंख्यांचा, वेगळ्या डब्याचा संगणक जास्त शांत राहील. दुकानात यंत्र दिसायला किती देखणं आहे ते सगळेच पाहतात. त्याला श्वास घ्यायला जागा किती आहे, तेही पाठीमागे जाऊन पाहावं.