मुक्काम शाळेत, मग शिकवणीही?

अमेरिकेतली ड्रम कोअर म्हणजे ढोल-बिगुल वाजवणाऱ्या तरुणांची संचलन पथकं उन्हाळाभर बसने गावोगाव फिरतात, शाळांच्या व्यायामशाळांत झोपतात आणि वाटेतल्या शाळांच्या बँडसाठी शिबिरं घेतात. हा निव्वळ परोपकार नव्हे. शिबिरांच्या फीमुळे प्रवासखर्चाला हातभार लागतो, शिवाय उद्याचे वादक तिथेच हेरता येतात. या पथकांना वयाची अट असते. विशी ओलांडली की लवकरच बाहेर पडावं लागतं. त्यामुळे नव्या पोरांचा शोध कधी थांबत नाही.

आपल्याकडे तुकोबांची पालखी बारामतीहून काटेवाडी, बेलवाडी, निमगाव केतकी करत इंदापूरला येते, तेव्हा शाळांच्या खोल्या दिंड्यांनाही मिळतात. शिबिर मात्र नसतं. बेलवाडी-इंदापूरच्या गोल रिंगणात पोरांनी मृदंगाचा ठेका ऐकावा तेवढाच. वारकरी परंपरेचं रीतसर शिक्षण घ्यायचं तर आळंदी गाठायची. जोग महाराजांनी 1917 मध्ये तिथे वारकरी शिक्षण संस्था स्थापली. एखाद्या पखवाजियाने मुक्कामी तासभर शाळेतल्या मुलांना दिला, तर आम्हाला आवडेल. अडचण वेळेची आहे: बहुतेक मुक्काम एका रात्रीचे, त्यात कीर्तन आणि जागर.