आधी स्वतःच्या दुकानाचं नाव टाकून बघा



नवीन सप्लायरची चौकशी एआयकडून कशी करायची, ते मागच्या व्हिडिओत दाखवलं होतं. आगाऊ पैसे पाठवण्याआधी एवढं बघायलाच हवं, हे माझं मत अजून तेच आहे. पण गेल्या बॅचमध्ये जे घडलं ते सांगतो.

घरगुती मसाले विकणाऱ्या एक ताई होत्या. म्हटलं, सप्लायर राहू दे, आज स्वतःच्या ब्रँडचं नाव टाका आणि विचारा, ‘मालकाबद्दल काय काय उघड आहे?’ मिनिटभरात उत्तर आलं. राहत्या घराचा पत्ता, कारण जीएसटी नोंदणी घरावरच. मोबाइल नंबर. आणि एका स्थानिक न्यूज साइटवरच्या मुलाखतीतलं वाक्य: मुलगी शाळेत गेली की दुपारभर मी एकटीच कामाला बसते.

यातलं काहीही चोरलेलं नव्हतं. पाकिटावर पत्ता छापणं तर नियमानेच भाग आहे. पण तिन्ही गोष्टी एकाखाली एक वाचून ताईंचा चेहरा उतरला. पूर्वी हे जोडायला कुणाला तरी दोन दिवस बसावं लागलं असतं. कोण बसणार?

त्यात भर म्हणजे, त्याच नावाच्या दुसऱ्या शहरातल्या फर्मची रद्द झालेली जीएसटी नोंदणीही एआयने ताईंच्या नावावर टाकली होती! म्हणून सप्लायरचा नंबर शेवटी जीएसटी पोर्टलवरच तपासायचा.

आता तुमच्या बोर्डावरचा जीएसटी नंबर बघा. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे 27. पुढची दहा अक्षरं म्हणजे तुमचा पॅन. पॅन कार्डाची झेरॉक्स देताना आपण दहादा विचार करतो, आणि तोच नंबर दाराबाहेर टांगलेला!

ताईंनी त्याच दिवशी गूगल बिझनेस प्रोफाइलवरचा पत्ता लपवला, धंद्यासाठी वेगळं सिम घेतलं आणि मुलाखतीतलं ते वाक्य काढायला साइटवाल्यांना मेसेज केला. नोंदणीचा पत्ता मात्र राहणारच.

मग एका दादांनी विचारलं, ‘सर, उधारीवाल्यांची यादी टाकून कोण कुठे कामाला आहे ते काढता येईल का?’

येईल. पण मी नाही म्हटलं. माणसाने स्वतःहून जाहीर केलेली माहिती 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याबाहेर आहे, हे खरं. पण तुमच्या एक्सेलमधला गिऱ्हाइकाचा नंबर त्याने घरपोच मालासाठी दिलाय, जगासाठी नाही. बाकी मागायची तर सरळ फोन करा.

दादा काही फारसे खूश दिसले नाहीत.