सिलिकॉनची चकती आणि हजारातली छाट

निपाणीत ज्यांचे बालपण गेले, त्यांना 'छाट' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. इतर विद्यार्थिमित्रांसाठी सांगतो. माझी आई घरी विड्या वळत असे. हजार विड्या नेऊन दिल्या की तपासनीस त्यांतल्या नापसंत विड्या बाजूला काढी. ती छाट, तिची मजुरी मिळत नसे. एखादी विडी सैल झाली तर आई ती जुडीच्या मधोमध बसवी, म्हणजे नजरेस पडू नये. तिला दोष देण्याची माझी छाती नाही. घर त्या मजुरीवर चालत होते.

हे आठवण्याचे कारण वेगळेच आहे. अलीकडे आमच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या वर्गात एक प्रश्न हमखास येतो : "सर, चिपच्या कारखान्यात आम्हांला काम मिळेल का?" डिसेंबर २०२१ मध्ये केंद्र सरकारने अर्धवाहक उद्योगासाठी ७६,००० कोटी रुपयांची योजना मंजूर केली. फेब्रुवारी २०२४ मध्ये गुजरातेतील धोलेरा येथील टाटांच्या चिप-कारखान्यास आणि आसामातील जागीरोड येथील जुळणी व चाचणीच्या प्रकल्पास मान्यता मिळाली. तेव्हा प्रश्न रास्तच आहे. पण उत्तर देण्याआधी त्या कारखान्यात माणसाचे काम काय असते, ते पाहिले पाहिजे.

चिप सिलिकॉनच्या गोल, आरशासारख्या चकतीवर तयार होते. तिला वेफर म्हणतात. भट्टीत सुमारे हजार अंश तापमानाला तिच्यावर ऑक्साइडचा पातळ थर चढवतात. त्यावर प्रकाशाने बदलणारे रसायन पसरतात, नक्षीच्या साच्यातून प्रकाश पाडतात, नको तो भाग धुऊन व कोरून काढतात, मग ठरावीक जागी बोरॉन किंवा फॉस्फरसचे अणू घुसवतात. पुन्हा थर, पुन्हा प्रकाश, पुन्हा कोरणे. अशा शेकडो पायऱ्या होतात आणि एक चकती पूर्ण व्हायला दोन-तीन महिनेही लागतात.

आता थोडे गणित करू. पायऱ्या ५०० धरा आणि प्रत्येक पायरी शंभरात नव्व्याण्णव वेळा बिनचूक होते असे माना. आपल्या परीक्षांत एवढे गुण मिळाले तर पेढे वाटले जातात! पण ०.९९ ला स्वतःनेच ५०० वेळा गुणले, तर हजारात जेमतेम सहा-सात चिपा चांगल्या निघतात. बाकी सगळी छाट. तेच काम हजारात नऊशे नव्व्याण्णव वेळा अचूक झाले, तर सहाशेच्या वर चिपा हाती येतात. (खरा हिशेब याहून गुंतागुंतीचा असतो, पण त्याचा कल हाच.) म्हणजे दोन-चार विद्वान अभियंत्यांवर हा कारखाना चालत नाही. भट्टी सांभाळणारा, रसायन बदलणारा, यंत्राची दुरुस्ती करणारा, असा प्रत्येक डिप्लोमावाला आणि बी.एस्सी.वाला तितकाच नेमका असावा लागतो.

त्यात अडचण अशी की, चूक दिसत नाही. विडीची छाट त्याच दिवशी कळते. बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्रीत ओतलेल्या कास्टिंगमधले ब्लोहोल मशीनवर गेल्यावर उघडे पडते. चिपमधला बिघाड मात्र कित्येकदा शेवटच्या चाचणीतच कळतो. तोवर त्याच भट्टीतून आणखी किती चकत्या गेलेल्या असतात! म्हणून ज्याच्या हातून चूक झाली त्याने ती त्याच क्षणी सांगणे, हेच या धंद्यातले पहिले कौशल्य. हायड्रोफ्लुओरिक आम्लाचे उदाहरण घ्या. ऑक्साइड कोरायला ते वापरतात. विरळ आम्ल कातडीवर उडाले तर लगेच दुखतही नाही; आत शिरून ते हाडापर्यंत इजा करते. "काही नाही, थोडे उडाले" म्हणून गप्प बसणारा जिवाला मुकू शकतो.

आणि आपण मुलांना काय शिकवतो? प्रयोगाचे उत्तर चुकले की गुण कापतो. मग मुले पुस्तकातले उत्तर वहीत उतरवतात. जुडीच्या मधोमध सैल विडी!

प्रशिक्षणाची सोय अगदीच नाही असे नव्हे. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०२३ मध्ये चिप-उत्पादनाच्या डिप्लोमाचा अभ्यासक्रम आखून दिला. मुंबईच्या आयआयटीत आणि बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अशा कामाच्या स्वच्छ प्रयोगशाळा आहेत. पण सराव तुटता कामा नये. मोहालीच्या सरकारी सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्समध्ये १९८४ साली उत्पादन सुरू झाले. १९८९ च्या आगीत कारखाना जळाला आणि उत्पादन पुन्हा सुरू व्हायला १९९७ उजाडले. आठ वर्षे काम बंद राहिले की हाताचे काय होते, ते कोणत्याही मोल्डरला विचारावे.

आमच्या महाविद्यालयात स्वच्छ कक्ष उभारणे परवडणार नाही, हे उघड आहे. जिथे तंबाखूच्या हंगामात वर्गातही शिंका येतात, तिथे धूलिकण मोजण्याची भाषा थट्टेचीच वाटेल. म्हणून मी एवढेच केले : गेल्या जूनमध्ये प्रयोगशाळेत एक जाड वही ठेवली. झालेली चूक तिच्यात लिहायची, मराठीत किंवा कन्नडमध्ये. लिहिणाऱ्याचे गुण कापले जाणार नाहीत. पहिला महिनाभर वही कोरीच राहिली. साठ विद्यार्थी, आणि चूक एकाचीही नाही! अखेर मीच पहिली नोंद केली, मीटरची रेंज न बदलता व्होल्टेज मोजल्याची. दिवाळीपर्यंत चौदा पाने भरली. त्यांतली तीन कन्नडमध्ये आहेत. ती मला शेजारच्या विभागातल्या सरांकडून वाचून घ्यावी लागली.

आईला ही वही दाखवली. तिने पाने उलटली आणि विचारले, "आणि यांचे पैसे कुणीच कापत नाही?"